अटलांटिक बोटीने ओलांडला: रिपोझिशनिंग क्रूझचा अनुभव आणि तुमचे प्रश्न

मीनल_ठाणे

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर मी सहज लिहिलं होतं की २०२३ च्या नोव्हेंबरात आम्ही युरोपातून अमेरिकेला विमानाने नाही तर बोटीने गेलो, तर बऱ्याच जणांनी सविस्तर लिही म्हणून सांगितलं, म्हणून हा वेगळा धागा. लांबलंय, सवडीने वाचा.

मुलगी जर्मनीत, मुलगा फ्लोरिडात टॅम्पाला. हे त्याच वर्षी रिटायर झाले, मी त्याच्या आदल्या वर्षी बँकेतून व्हीआरएस घेतलेली. मुलीकडे दीड महिना राहायचं आणि तिथून मुलाकडे जायचं असं ठरलं होतं. मुलगीच म्हणाली, आई तुम्हाला आता कसली घाई आहे, बोटीने जा की. मला वाटलं ती गंमत करतेय.

तर ही रिपोझिशनिंग क्रूझ म्हणजे काय, की मोठ्या क्रूझ बोटी उन्हाळाभर भूमध्य समुद्रात नाहीतर नॉर्वेकडे फिरत असतात आणि थंडी सुरू झाली की तिकडे गिऱ्हाईक राहत नाही, मग कॅरिबियनचा सीझन धरायला ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्या फ्लोरिडाकडे निघतात, आणि एप्रिल-मे मध्ये परत उलट्या युरोपात. बोट न्यायचीच असते, मग रिकामी कशाला न्यायची म्हणून तिकिटं काढतात. रोज नवीन गाव नसतं, प्रवास एकाच बाजूचा असतो, परतीचं विमान आपलं आपण बघायचं, त्यामुळे मागणी कमी आणि भाडं नेहमीच्या क्रूझपेक्षा रात्रीमागे बरंच कमी पडतं. केबिन, तिन्ही वेळचं जेवण, करमणुकीचे कार्यक्रम सगळं त्यातच.

आमचा मार्ग असा होता: बार्सिलोना, मालागा, मग कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ, आणि तिथून सलग सात दिवस नुसतं पाणी, की थेट फ्लोरिडातलं फोर्ट लॉडरडेल. एकूण १३ रात्री.

त्या सात दिवसांबद्दलच मला खरं लिहायचंय. जो तो विचारतो, सात दिवस काय केलंत, कंटाळा नाही आला? मी मनापासून सांगते, ते सात दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात निवांत दिवस होते. तेहतीस वर्षं लोकलचं टाइमटेबल डोक्यात घेऊन जगलेली बाई आहे मी. आणि तिथे जवळजवळ रोज रात्री पलंगावर एक चिठ्ठी ठेवलेली असायची, आज झोपताना घड्याळ एक तास मागे करा. म्हणजे दुसरा दिवस २५ तासांचा! स्पेन ते फ्लोरिडा मिळून सहा तास आम्हाला असे एकेक करून मिळाले. टॅम्पाला पोचलो तेव्हा जेटलॅग नावालाही नव्हता. विमानाने जाते तेव्हा मी चार दिवस पहाटे तीनला उठून बसते.

रोज दुपारी बाराला कॅप्टन स्पीकरवरून सांगायचा, आपण अमुक अक्षांश, अमुक रेखांशावर आहोत, वारा असा, लाट एवढी, खाली पाणी इतकं खोल. ह्यांनी पहिल्याच दिवशी शंभर पानी वही काढली आणि रोजचे आकडे लिहून ठेवायला लागले. तेनेरीफ सोडल्यावर दुसऱ्या दिवशी खोली पाच किलोमीटरच्या आसपास होती आणि तिसऱ्या दिवशी एकदम तीनवर आली, तेव्हा हे धावत मला सांगायला आले, अगं खाली डोंगर आहे! अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण पाण्याखालची रांग आहे ना, ती. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात वाचलेली. मी डेकवर जाऊन खाली बघत राहिले, दिसणार काय होतं, निळंशार पाणी नुसतं, पण आत्ता आपल्या पायाखालून एवढी मोठी डोंगररांग चाललीय ह्या विचारानेच अंगावर काटा आला.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाण्यावर पिवळट तपकिरी शेवाळाचे पट्टे दिसायला लागले, सरगासम म्हणतात, वाऱ्याच्या दिशेने सरळ रेघा ओढल्यासारखे. आणि उडते मासे! बोटीच्या पुढच्या लाटेतून एकदम वीस-पंचवीस सुटतात, चिमण्यांचा थवा उडावा तसे, आणि लांबवर जाऊन टुपकन पाण्यात.

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

रश्मी_जे

ताई किती छान लिहिलंयस गं! मला एक सांग, व्हिसाचं काय? आमचे भारतीय पासपोर्ट आहेत, आणि सासूबाईंना न्यायचा विचार आहे, तर युरोपचा व्हिसा काढताना परतीचं तिकीट मागतात ना, मग ते काय दाखवायचं?

मीनल_ठाणे

रश्मी, हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकेचा व्हिसा आधी हातात हवा, मगच बाकीचं. तो पर्यटनाचा बी१/बी२ आमच्याकडे होताच. शेंगेनच्या (म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याच्या) अर्जाला आम्ही परतीच्या विमानाऐवजी क्रूझचं कन्फर्मेशन, अमेरिकेच्या व्हिसाची कॉपी आणि अमेरिकेतून मुंबईचं तिकीट जोडलं, सोबत अर्ध्या पानाचं पत्र की आम्ही असे असे जाणार. काही अडचण आली नाही. बार्सिलोनाला बंदरावर चेक-इनलाच अमेरिकन व्हिसा बघतात, नसेल तर बोटीवर घेतच नाहीत, आमच्यासमोर एका जोडप्याला परत पाठवलं, बिचारी तिथेच बॅगांवर बसली होती.

आणखी एक. मार्गात मोरोक्को असेल आणि त्यानंतर परत स्पेन किंवा पोर्तुगालचं बंदर असेल तर शेंगेन मल्टिपल एन्ट्रीच लागतो, कारण मध्ये तुम्ही बाहेर पडता. कॅनरी, मदेरा, अझोर्स ही सगळी बेटं शेंगेनमध्येच येतात.

विमान मल्टिसिटी काढ, मुंबईहून युरोप आणि अमेरिकेहून मुंबई असं एकाच तिकिटात. दोन वेगवेगळी वन-वे काढलीस तर जास्त पडतं, आम्ही दोन्ही बघितलं होतं. आणि निघायच्या आदल्या दिवशी तरी त्या गावात जाऊन राहा, बोट कुणासाठी थांबत नाही.

सह्याद्रीकर

मीनलताई, लेख आवडला पण थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. आम्ही २०१९ च्या वसंतात उलट दिशेने केलं, फ्लोरिडा ते अझोर्स ते लिस्बन. दहा वर्षांचा मुलगा बरोबर. एक म्हणजे त्या बाजूने जाताना रोज एक तास जातो, मिळत नाही! २३ तासांचे दिवस, सकाळचा नाश्ता चुकायचाच. दुसरं, बोटीवर बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, मुलाच्या वयाचं कोणीच नाही, पोरगं चौथ्या दिवशी रडकुंडीला आलं. आणि वारं एवढं की वरचा स्विमिंग पूल तीन दिवस जाळी लावून बंद. त्यात अझोर्सला पोंता देलगादाच्या धक्क्यावर लाटा होत्या म्हणून कॅप्टनने थांबा रद्द केला, म्हणजे नऊ दिवस जमिनीला पाय नाही. पैसे म्हणाल तर त्या बंदराचा कर तेवढा परत मिळाला, बाकी काही नाही, ते तिकिटाच्या अटींत लिहिलेलंच असतं.

माझं म्हणणं एवढंच की शाळकरी मुलांना घेऊन कोणी जाऊ नये.

मीनल_ठाणे

राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. मुलांच्या बाबतीत शंभर टक्के पटलं. आणि दिशेचा फरक तर फारच मोठा आहे. शरदात पश्चिमेला जाताना बोट खाली उतरून व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यातून जाते, वारा पाठीमागून येतो, रोज ऊब वाढत जाते. कोलंबस १४९२ साली तेनेरीफच्या शेजारच्याच ला गोमेरा बेटावरून ६ सप्टेंबरला निघाला होता, ह्याच वाऱ्यावर, आणि १२ ऑक्टोबरला त्याला जमीन लागली. आमच्या बोटीवर एका प्राध्यापकांचं ह्यावर रोज सकाळी व्याख्यान असायचं, मी एकही चुकवलं नाही.

थांबा रद्द होण्याचं मात्र सगळ्यांनी मनात धरूनच जावं. अझोर्स बघायचंच म्हणून कोणी निघत असेल तर विमानाने जावं.

पल्लवी_नाशिक

मला एकच भीती. बोट लागली तर? मला कसारा घाटात गाडी लागते.

मीनल_ठाणे

पल्लवी, खरं सांगते, ह्यांना लागली. मालागाहून निघालो, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडलो आणि रात्री बोट हलायला लागली. सकाळी बघते तर जिन्यांच्या कठड्याला ठिकठिकाणी कागदी पिशव्या खोचून ठेवलेल्या, तेव्हाच कळलं की आज काही खरं नाही. केबिनमध्ये कपाटाचे हँगर एका लयीत टकटक वाजत होते, ग्लासातलं पाणी तिरकं होऊन परत सरळ होत होतं. हे दीड दिवस नुसते आडवे. मी आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या त्या आणि कोरडी बिस्किटं एवढ्यावर काढलं. तेनेरीफला जमिनीवर उतरल्यावर तासाभरात बरे, आणि पुढचे सात दिवस अजिबात त्रास नाही, कारण बोट मोठी असली की मोकळ्या समुद्रातली लांब लाट फार जाणवत नाही, पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात त्याचाही उपयोग होतो.

केबिन घेताना बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची घे. पुढच्या टोकाची आणि वरची स्वस्त दिसली तरी नको. गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच घेऊन जा आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घे, सुरू झाल्यावर पोटात टिकतच नाही काही. सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगा केबिनवर यायला कधीकधी संध्याकाळ होते.

माझी आई लहानपणी मालवणहून भाऊच्या धक्क्यावर बोटीने यायची. विजयदुर्ग, जयगड, हरणे अशी बंदरं घेत बोट यायची, डेकवर वळकटी टाकून बसायचं, हातात लिंबू. क्रूझवाले छोट्या होडीतून किनाऱ्यावर नेतात त्याला टेंडर म्हणतात, आई त्याला पडाव म्हणायची. ती असती तर तिला किती सांगितलं असतं मी.

कुडाळचो_झील

मीनलताई, बरा वाटला वाचून. मी मूळचा कुडाळचा, अकरा वर्षं क्रूझ बोटींवर होतो, आधी गॅलीत म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, मग डायनिंगला, आता घरीच आंबा-काजू बघतो. आमच्या सिंधुदुर्गातले आणि गोव्यातले कितीतरी पोरगे ह्या लाईनीत आहेत, गोव्यात तर तारवटी म्हणूनच ओळखतात. तर दुसऱ्या बाजूने थोडं लिहितो.

प्रवाशांना वाटतं क्रॉसिंग, म्हणजे हे समुद्र ओलांडायचे दिवस, म्हणजे आराम, आमच्यासाठी ते सगळ्यात कामाचे दिवस. एरवी बंदर लागलं की निम्मे-अर्धे लोक उतरतात, दुपारचं जेवण हलकं जातं, आम्हालाही तास-दोन तास खाली उतरून घरी फोन करता येतो. क्रॉसिंगला सात दिवस सगळे लोक सगळ्या वेळा बोटीवरच, दुपारचं पण फुल्ल, चहाला पण फुल्ल. डेकवाले चांगलं हवामान बघून गंज खरवडायचं आणि रंग लावायचं काम ह्याच दिवसांत उरकतात, पाहिलं असेल तुम्ही. काही बोटी तर क्रॉसिंगच्या आधी किंवा नंतर काडीझला नाहीतर बहामात फ्रीपोर्टला ड्रायडॉकला (दुरुस्तीच्या गोदीत) जातात.

पण घड्याळ मागे जातं ना, त्याची वाट आम्ही तुमच्यापेक्षा जास्त बघायचो. एक तास झोप जास्त! कॅनरीनंतर पाच रात्री मिळून पाच तास. सह्याद्रीकरांनी लिहिलंय त्या उलट दिशेला रोज एक तास कमी, आणि ड्युटी तेवढीच. एप्रिलमधल्या क्रॉसिंगला आमच्यातला प्रत्येक जण डोळे चोळत सर्व्हिस करायचा, तेव्हा तुमच्या वेटरला सकाळी थोडा उशीर झाला तर सांभाळून घ्या.

जेवणाचं सांगतो. शेवटच्या बंदरातून माल भरला की पुढे सात दिवस काही मिळत नाही. पालेभाजी आणि कोवळी फळं पहिली संपतात, कोबी, गाजर, बटाटा, सफरचंद शेवटपर्यंत पुरतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि पहिल्या रात्रीच हेड वेटरला भेटून सांगा. आदल्या संध्याकाळी सांगितलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भात-भाजी नक्की मिळते, गॅलीत आपला कोणी ना कोणी असतोच आणि तो आनंदाने करतो. आयत्या वेळी सांगितलं तर मात्र तुम्हाला उकडलेल्या भाज्याच खाव्या लागतील.

मीनल_ठाणे

झीलदादा, तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या टेबलाला म्हापशाचा एक मुलगा होता. तिसऱ्या दिवशी त्याने न सांगता वाटीत सोलकढी आणून ठेवली माझ्यासमोर. आमसुलं त्याने घरून आणली होती, स्वतःसाठी. मी काय बोलणार. शेवटच्या दिवशी माझ्याकडे उरलेली लसणाची चटणी आणि चिवडा सगळा त्याला दिला. कंपनीच्या फॉर्मवर त्याचं नाव लिहून आलो, त्याचा उपयोग होतो असं तो म्हणाला.

कुडाळचो_झील

होतो, नक्की होतो. प्रमोशनला बघतात ते. नाव लिहायला विसरू नका कोणी.

आजोबा_कोथरूड

वय ७४. पत्नी ७०. दोघांनाही बीपी, मला मधुमेह. जावे का? स्पष्ट सांगावे. तसेच आमच्या सौभाग्यवतींना हिमनगाची भीती वाटते.

मीनल_ठाणे

काका नमस्कार. आधी काकूंना सांगा, टायटॅनिक १९१२ च्या एप्रिलमध्ये बुडाली ती जवळजवळ ४२ अंश उत्तरेला, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या खाली. तेनेरीफपासून पुढचा आमचा मार्ग २६ ते २८ अंशांवर होता. तेनेरीफ म्हणजे साधारण आपल्या दिल्लीच्या अक्षांशावर. तिथे हिमनग नसतो, आम्ही डेकवर सुती कपड्यांत बसत होतो.

तब्येतीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. बोटीवर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो पण बिल डॉलरमध्ये आणि भरपूर, आणि मधल्या तीन-चार दिवसांत बोट किनाऱ्यापासून इतकी लांब असते की हेलिकॉप्टरही पोचू शकत नाही. म्हणून ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांनीच जावं असं माझं स्पष्ट मत. इन्शुरन्स घेताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्या, क्रूझ कव्हर आहे का आणि अमेरिका धरून आहे का. साध्या युरोपच्या पॉलिसीत दोन्ही नसू शकतं.

सिडनीकर_अभय

मस्त धागा. आम्ही पॅसिफिकवरून गेलोय, सिडनी ते व्हँकुव्हर, वाटेत फिजी आणि होनोलुलू. इथला सीझन एप्रिलमध्ये संपला की बोटी अलास्काच्या सीझनसाठी वर जातात, तीन आठवड्यांच्या वर लागतात. होनोलुलूमुळे अमेरिकेचा व्हिसा आणि व्हँकुव्हरमुळे कॅनडाचा, दोन्ही हवेत. विषुववृत्त ओलांडताना डेकवर नेपच्यून ह्या समुद्रदेवाचा दरबार भरतो, पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या डोक्यावर बर्फाचं पाणी ओततात, मी हौसेने ओतून घेतलं.

खरी मजा वाररेषेची. पूर्वेला जाताना एक दिवस दोनदा येतो, आमचा मंगळवार दोनदा आला. आईचा मंगळवारचा उपास असतो, तिने दोन्ही दिवस केला. मी म्हटलं एकच धर, ती म्हणाली सूर्य दोनदा उगवला ना, मग दोन. साबुदाणा नेलेला होता पण केबिनमध्ये शिजवायची परवानगी नाही, मग दोन्ही दिवस फळं आणि दही.

मीनल_ठाणे

अभय, आईंना माझा नमस्कार सांगा! केबिनमध्ये शिजवायचं निघालं म्हणून सांगते, ह्यांनी चहासाठी छोटी इलेक्ट्रिक किटली बॅगेत टाकली होती, ती स्कॅनिंगलाच काढून घेतली. इस्त्री, किटली, गरम होणारी कुठलीच वस्तू बहुतेक बोटींवर चालत नाही. पावती देतात आणि उतरताना परत मिळते, पण तेरा दिवस ह्यांना आल्याचा चहा मिळाला नाही त्याचं दुःख अजून आहे.

रश्मी_जे

ताई वरचा खर्च किती येतो तेही सांग ना, जाहिरातीत दिसतं त्याच्यावर.

मीनल_ठाणे

टिप्स धर, त्या आपोआप बिलात लागतात, आम्हाला माणशी रोज सोळा डॉलर, म्हणजे दोघांचे तेरा दिवसांचे चारशेच्या वर गेले. बंदराचे कर वेगळे. इंटरनेट वेगळं, आम्ही दोघांत एकच फोन जोडला आणि रात्री मुलांना मेसेज टाकायचो. फोन विमान-मोडवरच ठेव, नाहीतर बोटीचं रोमिंग लागून भलतंच बिल येतं. एकटी जाणार असशील तर एका माणसालाही जवळजवळ दोघांचं भाडं पडतं, म्हणून सासूबाईंना वेगळी केबिन घेण्याआधी हिशेब कर. आणि भारतातून एजंटमार्फत बुक केलंस तर टीसीएस (आगाऊ कर) कापतात, तो रिटर्नमध्ये दाखवायला विसरू नको.

पल्लवी_नाशिक

मीनलताई, पोचलात तेव्हा कसं वाटलं ते राहिलंच लिहायचं.

मीनल_ठाणे

हो गं. आदल्या रात्री बॅगा रंगीत टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, त्यामुळे खोली एकदम रिकामी वाटायला लागली. झोप लागेना. साडेचारला दोघं डेकवर गेलो तर आमच्यासारखे वीस-पंचवीस जण आधीच कठड्याशी उभे, कोणी काही बोलत नव्हतं. सात दिवस काळ्या पाण्याशिवाय काही नव्हतं तिथे समोर दिव्यांची एक लांब ओळ. पायलटची, म्हणजे बंदरात शिरायची वाट दाखवणाऱ्याची, छोटी बोट आली, दोराच्या शिडीवरून एक माणूस झपाझप वर चढला. आणि वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा, गवताचा वास आला. जमिनीला वास असतो हे मला त्या दिवशी कळलं.

इमिग्रेशनला तासभर गेला, बोटांचे ठसे, फोटो, किती दिवस राहणार वगैरे. ऑफिसरने विचारलं, कुठून आलात? ह्यांनी वही उघडून त्याच्यासमोर धरली, सगळे आकडे, रोजची दुपारची जागा. त्याने दोन पानं उलटून बघितली आणि शिक्का मारला.

बाहेर मुलगा उभा होता, टॅम्पाहून चार तास गाडी चालवून आलेला. वही आता त्याच्याकडेच आहे. पल्लवी, फोटो काढून पाठव म्हणून सांगते त्याला, आले की इथेच टाकते.